अणुबॉम्ब : बाळगणे हेही पापच

२०२५ च्या १५ ऑगस्टची गोष्ट. पहाटे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिस्सा आटोपून मी वाशीम जिल्ह्यातील एका शाळेत ध्वजवंदनासाठी गेलो होतो. आमच्या धर्मग्रामातील चार-पाच कुटुंबांची मुले तेथे शिकतात, म्हणून मुख्याध्यापक दरवर्षी अगत्याने बोलावतात. झेंडावंदन झाले, कवायत झाली, देशभक्तिपर गीते झाली आणि शेवटी सातवी-आठवीच्या मुलांनी एक नाटुकले सादर केले. पुठ्ठ्याचे क्षेपणास्त्र, त्यावर रंगवलेले अणूचे चिन्ह, शेजारी लाल बटण. एका मुलाने शेजारच्या देशातील एका मोठ्या शहराचे नाव खड्या आवाजात उच्चारले, दुसऱ्याने बटण दाबले, पडद्याआड फटाका वाजला आणि तिसऱ्याने राखेची मूठ हवेत उधळली. मांडव टाळ्यांनी दुमदुमला. माझे हात मांडीवरच राहिले.

त्या वेळी कोणी काही बोलले नाही. परंतु व्यासपीठावर बसलेल्या, पांढरा झगा घातलेल्या माणसाचे हात स्थिर राहिले तर ते सर्वांना दिसतात. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आमच्याच धर्मग्रामातील एक निवृत्त हवालदार दाराशी थांबले. "काहून फादर, तुम्ही टाळ्या नाही वाजवल्या म्हणे? लोकं विचारून राह्यले." त्यांच्या स्वरात राग नव्हता, काळजी होती. ज्या जिल्ह्यात आपण ख्रिस्ती लोक मूठभर आहोत, तेथे एका धर्मगुरूच्या न वाजलेल्या टाळ्यांचा काय अर्थ लावला जाईल, ही ती काळजी. मी म्हणालो, "भाऊ, हे दारात उभे राहून सांगण्यासारखे नाही. लिहून देतो." ते लिहिणे म्हणजे हा लेख. तो त्यांच्यासाठी आहे आणि ज्यांना तोच प्रश्न पडला असेल त्या सर्व कुटुंबांसाठी आहे.

प्रथम माझे स्वतःचे पापनिवेदन. ११ मे १९९८ रोजी पोखरणला तीन स्फोट झाले, तेव्हा मी नागपूरला सेमिनरीत ईशज्ञानाचा विद्यार्थी होतो आणि उन्हाळी सुट्टीसाठी घरी आलेलो होतो. संध्याकाळी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी दूरदर्शनवर ती बातमी मोजक्या वाक्यांत सांगितली. तासाभरात गल्लीत पेढे वाटले गेले. माझ्याही हातावर एक पेढा पडला आणि मी तो खाल्ला. महिन्याभरापूर्वीच मी नीतिशास्त्राच्या परीक्षेत 'न्याय्य युद्ध' या विषयावर चार पाने लिहिली होती, संत ऑगस्टीन आणि संत थॉमस यांची मते क्रमवार मांडली होती, चांगले गुण मिळवले होते. त्या चार पानांचा आणि त्या पेढ्याचा काही संबंध असू शकतो, हे माझ्या मनात आलेसुद्धा नाही. तेव्हा नाटुकल्यातील त्या मुलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणून आहे. त्यांच्या वयाला जे दाखवले गेले ते त्यांनी केले. मी तर अठ्ठावीस वर्षांचा होतो.

आता नागासाकीला जाऊ या. मराठी ख्रिस्ती माणसासाठी हे शहर परके नाही. वसईत जन्मलेला आपला संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर खिळला गेला. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. गासला त्याच्या नावाचे चर्च आहे, वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. त्या हुतात्म्यांच्या रक्तातून जी ख्रिस्तसभा वाढली तिच्यावर पुढे घोर छळ झाला. अडीचशे वर्षे तिला धर्मगुरू नव्हता, चर्च नव्हते. आई-बापांनी मुलांना गुपचूप बाप्तिस्मा दिला, माजघरात प्रार्थना शिकवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लपलेले भाविक उजेडात आले आणि नागासाकीच्या उराकामी खोऱ्यात त्यांनी स्वतःच्या कष्टाने एक भव्य कॅथेड्रल उभे केले. त्याचे दोन मनोरे १९२५ साली पूर्ण झाले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी त्या कॅथेड्रलमध्ये दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते. सहा दिवसांवर स्वर्गोन्नयनाचा सण आला होता. मी ज्या सणाची मिस्सा करून शाळेत गेलो तोच हा सण. अमेरिकेचे विमान खरे म्हणजे कोकुरा या दुसऱ्याच शहरावर बॉम्ब टाकायला निघाले होते, पण तेथे खालचे काही दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळले. अकरा वाजून दोन मिनिटांनी उराकामीच्या डोक्यावर प्लुटोनियमचा बॉम्ब फुटला. कॅथेड्रल स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होते. दोन्ही धर्मगुरू आणि रांगेत बसलेले भाविक जागीच गेले. उराकामीच्या बारा हजार कॅथलिकांपैकी सुमारे साडेआठ हजार मेले असे मानले जाते. वर्षअखेरपर्यंत शहरातील एकूण मृतांची संख्या सत्तर हजारांवर गेली. गोन्सालोची टेकडी तेथून जेमतेम दोन-सव्वादोन किलोमीटर दूर आहे. अडीचशे वर्षांच्या छळाला जे जमले नव्हते ते एका प्लुटोनियमच्या गोळ्याने एका क्षणात केले, आणि ते करणारा देश ख्रिस्ती म्हणवणारा होता. विमान चालवणारा वैमानिक कॅथलिक होता. ज्या तिनियन बेटावरून ते विमान उडाले तेथे त्या तुकडीचे कॅथलिक धर्मगुरू होते जॉर्ज झाबेल्का. त्यांनी त्या तरुणांना मिस्सा दिली, पापनिवेदन ऐकले. शहरांवर बॉम्ब टाकणे हे पाप आहे, असा एक शब्दही आपण त्यांना बोललो नाही, याची कबुली त्यांनी पुढे जाहीरपणे दिली आणि उर्वरित आयुष्य त्याचे प्रायश्चित्त केले. मी व्यासपीठावर बसलो होतो तेव्हा मला फादर झाबेल्का आठवले. टाळ्या न वाजवण्याचे पहिले कारण ते आहेत.

"पण फादर, तो बॉम्ब टाकला होता. आपण तर फक्त ठेवतो." हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो पोरकट नाही. म्हणून त्याला सरळ भिडतो.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात निःसंदिग्धपणे सांगितले की, अख्खी शहरे त्यांतील माणसांसह सरसकट नष्ट करणे हा परमेश्वराविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा आहे. त्या परिषदेने फार थोड्या गोष्टींचा धिक्कार केला, त्यांतील ही एक. त्याच्या दोन वर्षे आधी पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या शांतिविषयक विश्वपत्रात शस्त्रांच्या समतोलावर उभ्या राहिलेल्या शांततेचा फोलपणा दाखवला होता. म्हणजे वापराबद्दल ख्रिस्तसभेत वाद कधी राहिलाच नाही. वाद होता तो बाळगण्याबद्दल. जून १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी संयुक्त राष्ट्रांना पाठवलेल्या संदेशात एक सवलत दिली. परस्परांच्या धाकामुळे युद्ध टळत असेल, आणि तो धाक हे अंतिम साध्य न मानता टप्प्याटप्प्याने निःशस्त्रीकरणाकडे जाण्याची पायरी मानला जात असेल, तर तो तूर्त नैतिकदृष्ट्या सहन करता येईल. पाश्चात्त्य देशांतील पुष्कळ कॅथलिकांनी या वाक्यातील सवलत उचलली आणि अट सोडून दिली. चाळीस वर्षे झाली, पायरी पायरीच राहिली, तिच्यावर लोकांनी घर बांधले. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ च्या आरंभी जगात बारा हजारांहून अधिक अण्वस्त्रे होती. त्यांपैकी सुमारे १८० आपली आणि १७० पाकिस्तानची. ही संस्था कोणाची बाजू घेणारी नाही.

पोप फ्रान्सिस यांनी ती सवलत काढून घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हॅटिकनमध्ये आणि २४ नोव्हेंबर २०१९ रोजी हिरोशिमात त्यांनी स्पष्ट केले की, अण्वस्त्रांचा वापर जसा अनैतिक तसेच ती बाळगणेही अनैतिक. त्याच दिवशी सकाळी ते नागासाकीत होते, निशिझाका टेकडीवर आपल्या गोन्सालोच्या स्मारकापुढे उभे होते. ख्रिस्तसभेची शिकवण बदलली का, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, होय, या मुद्द्यावर ती कडक झाली, आणि ती होण्याला कारण आपण आहोत. सवलत मोडीत काढणाऱ्याला सवलत पुढे मिळत नाही.

पण पोपमहाशयांनी सांगितले म्हणून, एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण माझे हवालदार मित्र थांबणार नाहीत. बाळगणे पाप का? बंदूक घरात ठेवणे पाप नाही, मग बॉम्ब का?

बंदुकीचा नेम एका सशस्त्र हल्लेखोरावर धरता येतो. अणुबॉम्बचा नेम धरायचा कशावर? आपल्या सरकारने ४ जानेवारी २००३ रोजी जे अण्वस्त्रधोरण जाहीर केले त्यात प्रथम वापर न करण्याचे वचन आहे आणि ते वचन मोलाचे आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पाकिस्तानने तेवढेही दिलेले नाही. परंतु त्याच धोरणात पुढे असेही आहे की, आपल्यावर अण्वस्त्राचा हल्ला झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि शत्रूला असह्य हानी पोहोचवणारे असेल. ही असह्य हानी कोणाची? रणगाडा फुटला म्हणून कोणत्याही देशाला हानी असह्य वाटत नाही. असह्य होते ती शहरांची राख. म्हणजे आपण आपला संयम ज्या पायावर उभा करतो तो पाया लाहोर-कराचीतील गर्भवती स्त्रिया, शाळकरी मुले, रुग्णालयांतील म्हातारी माणसे यांना मारण्याची तयारी हाच आहे. आणि लाहोरात, कराचीत ख्रिस्ती वस्त्या आहेत, त्यांचीही चर्चे आहेत, हे सांगितले तर कोणी म्हणेल, फादरला आपल्याच लोकांची चिंता. तसे नाही. तेथे एकही ख्रिस्ती नसता तरी पाप तेवढेच असते.

येथे धूर्त माणूस म्हणतो, आम्ही वापरणार थोडेच आहोत, नुसता धाक आहे. मला हा युक्तिवाद सर्वांत जास्त खटकतो. धाक खरा ठरायचा असेल तर वापरण्याची तयारी खरी असावी लागते. पंतप्रधानांनी मनातल्या मनात 'मी कधीच बटण दाबणार नाही' असा निश्चय केला असेल, असे क्षणभर धरू. पण तो निश्चय ते कोणाला सांगू शकत नाहीत, सांगितला तर धाक संपतो. मग क्षेपणास्त्राच्या तुकडीतील त्या पंचवीस वर्षांच्या अधिकाऱ्याचे काय? त्याला रोज सराव करून मनाची तयारी करावी लागते की, हुकूम आला तर मी लाखो निरपराधांना मारीन, आणि तो सराव खराच असावा लागतो. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात पाप हातातून मनात नेले. परस्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात पाप केलेच, असे तो म्हणाला. मनातील अटीचा संकल्प, 'अमुक झाले तर मी तमुक करीन' हाही संकल्पच असतो. नवऱ्याने उशाखाली सुरा ठेवून रोज बायकोला सांगावे की, तू घर सोडून गेलीस तर मुलांचे गळे चिरीन, आणि ती कधी गेलीच नाही, मुले सुखरूप वाढली, तर त्या घरात शांतता होती असे आपण म्हणू का? आणि पापनिवेदनाला आलेल्या त्या नवऱ्याला मी 'तू काही केले नाहीस' म्हणून परत पाठवू का?

आपल्या देशाला हे ठाऊक नव्हते असे नाही. आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल, म्हणून मी हे मुद्दाम सांगतो. १९९५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे अण्वस्त्रांच्या कायदेशीरपणाचा प्रश्न आला, तेव्हा भारत सरकारने लेखी निवेदन दिले. त्यात आपल्या सरकारने असे मांडले की अण्वस्त्रांचा वापर, अगदी प्रत्युत्तर म्हणून केलेला वापरसुद्धा, बेकायदेशीर आहे, आणि अण्वस्त्रांच्या धाकाचे तत्त्वच मानवी भावनेला घृणास्पद आहे. हे मत पोपमहाशयांचे नव्हे, कोणा मिशनऱ्याचेही नव्हे. दिल्लीच्या साउथ ब्लॉकमधून गेलेला तो कागद आहे. त्यानंतर तीन वर्षांत पोखरण झाले. १९५४ साली पंडित नेहरूंनी अणुचाचण्या थांबवण्याची हाक दिली होती, १९८८ साली राजीव गांधींनी २०१० पर्यंत अण्वस्त्रमुक्त जगाचा आराखडा संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला होता. मग देशविरोधी कोण? जो १९९५ चे भारताचे म्हणणे आजही म्हणतो तो, की ज्याला ते आठवण्याचीही लाज वाटते तो?

सत्याचा प्रश्न आणखी मागे जातो. ट्रॉम्बे, म्हणजे आपले जुने तुर्भे, येथे १९६० साली सायरस ही अणुभट्टी सुरू झाली. भट्टी कॅनडाने दिली, जड पाणी अमेरिकेने दिले, आणि आपण शब्द दिला की वापर शांततेसाठीच होईल. त्याच भट्टीतील प्लुटोनियम १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळूखाली फुटले. आपण त्याला 'शांततामय स्फोट' म्हटले. तेवीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्या प्रयोगाचे एक प्रमुख राजा रामण्णा यांनी स्वतःच सांगून टाकले की तो बॉम्बच होता. एका शब्दाला पळवाट शोधून आपण सुरुवात केली, हे आपल्या शास्त्रज्ञांच्या कर्तबगारीविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हणावेच लागते.

आणि त्या स्फोटाला नाव चिकटले कोणाचे? भगवान बुद्धाचे. बुद्ध हसला! १९९८ ला तर दिवसही बुद्धपौर्णिमेचा निवडला गेला. आमच्या वाशीम जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे. त्या संध्याकाळी विहारांतून खीर वाटली जात होती, पंचशील म्हटले जात होते, ज्यातील पहिलेच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. त्या लोकांना कोणी विचारले का, की तुमच्या तथागताचे हसणे आम्ही बॉम्बला लावू का? आपण ख्रिस्ती लोकांनी या बाबतीत नाक वर करण्याचे कारण नाही. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या जगातील पहिल्या अणुस्फोटाचे नाव होते 'ट्रिनिटी', पवित्र त्रैक्य! पुढे अमेरिकी नौदलाने एका हल्लेखोर पाणबुडीचे नाव 'कॉर्पस ख्रिस्ती', म्हणजे ख्रिस्तशरीर, असे ठेवले. ते एका शहराचे नाव आहे अशी सबब होती. कॅथलिकांनी निषेध केल्यावर १९८२ साली त्याच्याआधी 'सिटी ऑफ' जोडले गेले. बौद्ध बांधवांच्या वतीने असा निषेध आम्ही त्यांच्या शेजाऱ्यांनी तरी करायला हवा होता. आम्ही पेढे खात होतो.

पोखरणपासून काही किलोमीटरवर खेतोलाई हे बिष्णोई लोकांचे गाव आहे. झाड तोडू नये, हरिण मारू नये, असा त्यांचा धर्म. स्फोटांनी त्यांच्या घरांच्या भिंतींना तडे गेले. मुंबईचे चित्रपटकार आनंद पटवर्धन यांनी २००२ च्या आपल्या 'जंग और अमन' या माहितीपटात पोखरणच्या स्फोटांनंतरचा भारत दाखवला आहे. सेन्सॉरने त्याला कात्री लावण्याचा हट्ट धरला, शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने तो मोकळा केला. मिळाला तर धर्मग्रामाच्या सभागृहात अवश्य दाखवावा.

आता व्यवहाराचे बोलू. बॉम्बने युद्ध थांबते म्हणतात. मे १९९८ मध्ये आपण पाच स्फोट केले, त्याच महिन्याच्या २८ आणि ३० तारखेला पाकिस्तानने सहा केले. वर्ष उलटले नाही तोच कारगिल पेटले आणि आपले ५२७ जवान गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाला चाळीस जवान मारले गेले, त्यांत दोघे आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील होते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस निरपराधांची हत्या झाली, त्यांतील सहा महाराष्ट्रातील होते. त्या हल्लेखोरांना बॉम्बचा धाक वाटला नाही. उलट, दोन्हीकडे बॉम्ब आहे म्हणून मोठे युद्ध होणार नाही, या भरवशावर छोट्या हत्या करण्याचे धैर्य त्यांच्या पाठीराख्यांना आले, असे म्हणणारे सैनिकी अभ्यासक कमी नाहीत. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, पलीकडच्यांनी डोके शांत ठेवले, आपण चूक मान्य केली, तीन अधिकारी बडतर्फ झाले. पण ती चूक २०२५ च्या मे महिन्यातील त्या चार रात्रींत झाली असती तर? १० मे रोजी शस्त्रसंधी झाली तेव्हा आमच्या हवालदारभाऊंनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली, हे मी पाहिले आहे. दुसऱ्याच दिवशी, ११ मे रोजी, नवे पोप लिओ चौदावे यांनी आपल्या पहिल्या रविवारच्या प्रार्थनेत त्या शस्त्रसंधीचे समाधानाने स्वागत केले. पोखरणला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षे झाली होती.

एक आक्षेप मला खरोखर अडवतो आणि तो मी लपवणार नाही. युक्रेनने १९९४ साली बुडापेस्टच्या कराराने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडून दिली, बदल्यात सीमांची हमी घेतली, आणि २०१४ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये हमी देणाऱ्याच रशियाने आक्रमण केले. एका कॉलेजकुमाराने मला हे विचारले तेव्हा मी काही वेळ गप्प बसलो. त्या अस्त्रांच्या किल्ल्या मॉस्कोकडेच होत्या, हे खरे, पण ते पुरेसे उत्तर नव्हे. पुरेसे उत्तर कडू आहे. चांगल्याच्या प्राप्तीसाठी वाईट करू नये, असे संत पौलाने रोमकरांना लिहिले, तेव्हा वाईट न करणारा सुरक्षित राहील असे वचन त्याने दिले नाही. तो स्वतः सुरक्षित राहिला नाही, गोन्सालो राहिला नाही. देशाला हुतात्मा व्हायला सांगण्याचा अधिकार मला आहे का? नाही, आणि म्हणून मी आजच्या आज सारे बॉम्ब एकतर्फी मोडा असे म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला पाप म्हणतो त्यातून बाहेर पडण्याचे पाऊल तरी टाका. 'प्रचंड' हा शब्द धोरणातून काढा. प्रथम वापर न करण्याचे वचन कायद्यात आणा, मंत्र्यांच्या भाषणागणिक ते डळमळू देऊ नका, जसे ते ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द पोखरणला डळमळले. बॉम्बसाठी प्लुटोनियम साठवणे थांबवण्याचा करार पाकिस्तानपुढे आणि चीनपुढे आपण होऊन ठेवा. जुना अण्वस्त्रप्रसारबंदी करार पाच बड्यांना मोकळे सोडणारा आणि इतरांना बांधणारा होता, त्यावर सही न करण्यात आपला स्वाभिमान होता, हे मला मान्य आहे. पण २०१७ चा अण्वस्त्रबंदी करार सर्वांना सारखाच बांधतो. व्हॅटिकनने त्यावर पहिल्याच दिवशी सही केली. त्याच्या वाटाघाटींच्या खोलीत आपण बसलोसुद्धा नाही. विषमतेची तक्रार करणाऱ्याने समतेचा कागद समोर आल्यावर पाठ का फिरवावी?

शेवटी आमच्या काळ्या मातीकडे येतो. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पोखरणनंतर एकावन्न दिवसांनी. बॉम्ब आणि आमचा जिल्हा एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यातले. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांना विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत वाशीम होता. २०१८ साली केंद्राने देशातील मागासलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित' अशी गोड नावाची यादी केली, तिच्यात वाशीम आहे. मी अनेक शेतकऱ्यांच्या अंत्यविधीला गेलो आहे, त्यांत ख्रिस्ती थोडे होते. त्या घरांना कोणत्या देशाच्या बॉम्बपासून धोका होता ते मला कळलेले नाही.

पण ट्रॉम्बेने आम्हाला काहीच दिले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर किरणोत्साराच्या साहाय्याने उडदाचा टीएयू-१ हा वाण काढला. तो १९८५ पासून महाराष्ट्रभर पेरला गेला. मुगाचे, सोयाबीनचे वाणही त्याच वाटेने आले. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शेतकऱ्याने मला एकदा सांगितले, "फादर, ह्या उडदानं माह्या पोरीचं लग्न झालं." त्याला ते बियाणे अणुकेंद्रातून आले हे ठाऊकच नव्हते. सांगितल्यावर तो हसला, त्याला वाटले मी थट्टा करतो. एकाच कुंपणाच्या आत एका इमारतीत उडीद तयार झाला आणि दुसरीत प्लुटोनियमचा गोळा. मला विज्ञानाविरुद्ध काही म्हणायचे नाही. आमच्या धर्मग्रामातील एखादे मूल उद्या ट्रॉम्बेला नोकरीला लागले तर मी आनंदाने प्रशस्तिपत्र देईन, आणि सोबत एवढेच विचारीन की, बाळा, कुठल्या इमारतीत? ज्याला दुसऱ्या इमारतीत जायचे असेल त्याच्याशी मला पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून बोलायचे आहे, सावकाश आणि रागावल्याशिवाय.

हवालदारभाऊंना मी हा लेख छापण्याआधी वाचून दाखवला. त्यांना तो सगळा पटला नाही. सीमेवर हिवाळे काढलेल्या माणसाला तो पटावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. "तुमचं उशाखालच्या सुऱ्याचं उदाहरण बराबर नाही," असे ते म्हणाले, "आमी लेकरांना नाही, त्यांच्या सरकारला धाक देतो." मी विचारले, "भाऊ, पण सुरा कोणाच्या गळ्यावर ठेवलाय?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी बोलू."

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला पुन्हा बोलावले तर मी जाणार आहे. त्या मुलांसाठी मी एक गोष्ट तयार ठेवली आहे. उराकामीच्या कॅथेड्रलला दोन मनोरे आणि दोन घंटा होत्या. बॉम्बने एक घंटा फुटली, दुसरी ढिगाऱ्याखाली शाबूत सापडली. ऐंशी वर्षे ती एकटीच वाजत राहिली. नवी दुसरी घंटा अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून पाठवली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी अकरा वाजून दोन मिनिटांनी दोन्ही घंटा ऐंशी वर्षांनी प्रथमच एकत्र वाजल्या. त्यानंतर सहाव्या दिवशी आमच्याकडे पुठ्ठ्याचे क्षेपणास्त्र उडाले होते.